विटकरी भात आणि आमचा अबोला

मागच्या वर्षी मुंबईहून एक गृहस्थ घरी आले. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, बोलणं अगदी मऊ. जुने, हाताने रंगवलेले फोटो जमवायचा त्यांना नाद. चहा झाला, चिवडा झाला, मग हळूच म्हणाले, "आजी, सरांच्या लाल काळातलं काही शिल्लक असेल का?"

मी म्हटलं, "लाल काळ म्हणजे कसला हो?"

तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. सत्तरच्या दशकात म्हणे आमच्या ह्यांनी भिवंडीच्या आजूबाजूच्या निसर्गाचे काही फोटो असे रंगवले, की त्यात भाताची शेतं लाल-विटकरी आणि घरांची कौलं हिरवी. ते फोटो आता लोक काचेच्या कपाटात ठेवतात. एक तर परदेशात आहे. जाणकारांचं मत असं, की गावागावांत यंत्रमाग आले, शेतं विकली जायला लागली, त्या वेदनेचा तो रंग आहे. धरणीमातेचं रक्त वगैरे. मी पदर तोंडाला लावून ऐकत होते. त्या गृहस्थांना वाटलं, आजीला गहिवरून आलंय.

कप्पाळ माझं! लाल काळ नव्हे तो, आमचा अबोला चालू होता.

आता बोललेच आहे तर सगळं सांगते. आमच्या ह्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसे. जन्मापासून. तरुणपणी सरकारी ड्रायव्हरच्या नोकरीला गेले, तर डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. दुसरा कोणी असता तर किराणा दुकान घालून बसला असता. हे असे हट्टी, की रंग दिसत नाही म्हणतात काय, मग रंगाचाच धंदा करून दाखवतो म्हणाले. भिवंडीच्या बाजारात, पुढे दुकान आणि मागे घर असा, फोटो स्टुडिओ काढला आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग भरून द्यायला लागले.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. माझं माहेर खाडीकाठच्या कोन गावचं. ओटीवर सुपात मिरच्या वाळत घातलेल्या. पाहुण्यांनी मुलीला विचारायचं काय, तर स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. ह्यांनी सुपाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यातल्या पिकलेल्या कुठल्या आणि हिरव्या कुठल्या?" मला वाटलं, शहरचा माणूस थट्टा करतोय. मी म्हटलं, "तुम्हाला डोळे नाहीत का?" आईने डोक्याला हात लावला. बाबा खाली बघायला लागले. आणि हे आपल्या मामांकडे वळून म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

पुढे कळलं, मुलगी कसली, डोळे पसंत केले होते त्यांनी.

पोटापाण्यासाठी लग्नातले, पासपोर्टचे, बारशाचे फोटो. पण जीव सगळा रानात. रविवार आला की खोक्याएवढा कॅमेरा, त्याची तिपाई आणि मी, असं सामान घेऊन हे निघायचे. कधी कोनच्या खाडीवर, कधी गणेशपुरीकडे तानसा नदीच्या काठाला. फोटो निघायचा काळा-पांढरा. मग त्यातलं कुठलं भात कसलं हिरवं होतं, कुठल्या छपरावर ऊन होतं, हे लक्षात ठेवायचं काम माझं. मला तर रंगांची शास्त्रातली नावं ठाऊक नव्हती. मी माझ्या पद्धतीने ध्यानात ठेवायची: नदीपलीकडचं भात नव्या चुड्याचं, अलीकडचं मुगाच्या सालीचं, बांधावर कढीपत्त्याचं, डोंगराच्या पायथ्याला कच्च्या कैरीचं.

घरी आल्यावर फोटो मोठ्या खरखरीत कागदावर छापायचा, तपकिरी झाक द्यायची, आणि मग हे टेबलाशी बसायचे. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळलेला. रंगांच्या नळ्यांवरची लेबलं टर्पेंटाइनने कधीच पुसून गेली होती, त्यामुळे बशीत रंग मी काढून द्यायची. मी बोलायची आणि हे भरायचे. "चुड्याचं घ्या. इथपर्यंत. आता मुगाचं. अहो बास, कडेला कौल आहे, त्याला वीट घ्या!" हात इतका हलका, की कापूस कागदाला लागला की नाही कळू नये. माझी बडबड आणि त्यांचा हात, त्यातून असा फोटो व्हायचा की बघणाऱ्याने पायातल्या चपला काढाव्यात, चिखल लागेल म्हणून. नाव अर्थात त्यांचं. सही त्यांची. मला त्याचं काही वाटत नसे. माझं तोंड चालू असलं की मी खूश.

गावागावांतले लोक आपापल्या शेताचे फोटो काढून घ्यायचे आणि देवाच्या तसबिरीशेजारी लावायचे. त्यात एक रिवाज पक्का होता, घरात सुकं शेत टांगायचं नाही. भिंतीवर सुकं टांगलं की दारातही सुकं येतं म्हणत. त्यामुळे फोटो भर वैशाखात काढलेला असला, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असल्या, तरी रंगात तिथे भात डोलायलाच हवं. कोणी विचारलं, "वैशाखात भात?" तर मालक सांगणार, "आमचं शेत हाय, आम्हाला म्हाईत."

आता अबोल्याचं कारण ऐका, आणि मग मला दोष द्या. भाद्रपदातला दिवस होता. गणेशपुरीहून फोटो काढून आम्ही वज्रेश्वरीच्या स्टँडवर आलो. एसटीला ही गर्दी. ह्यांनी कॅमेरा चढवला, तिपाई चढवली, झोळी चढवली, स्वतः चढले. आणि गाडी निघाली. मी खाली! ओरडतेय, हात करतेय, पण हे खिडकीशी तिपाईला कवटाळून बसलेले, तिला धक्का लागू नये म्हणून. मला मागची गाडी मिळाली, तीही उभ्याने. घरी आले तर हे कॅमेरा पुसत बसलेले. वर बघून म्हणतात, "अगं, तू कुठे गेली होतीस?"

झालं. त्या क्षणापासून मी बोलणं टाकलं. तिपाई आठवते आणि बायको आठवत नाही? बोला मग तिपाईशी!

आमच्या घरात अबोला म्हणजे भिंतीचे दिवस. हे भिंतीला विचारायचे, "आज चहा मिळेल का?" मी भिंतीला सांगायची, "ठेवलाय, दिसत नसेल तर चष्मा लावावा." पण रंगाच्या टेबलाशी भिंत काय कामाची? दोन-तीन दिवस वाट बघितली त्यांनी. मग एका सकाळी स्वतःच नळ्या पिळल्या, आणि गणेशपुरीचा तो फोटो स्वतःच रंगवला.

दोरीवर वाळत घातलेला बघितला आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. अहो, भात विटकरी! सगळं शिवार भाजल्यासारखं. कौलं शेवाळ्यासारखी हिरवीगार. लाल लुगड्यातली बाई अशी, की भेंडीच चालत निघालीय. आभाळ आणि म्हैस तेवढी बरोबर. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली. पण अबोला म्हणजे अबोला. हे मात्र लांबून, जवळून, मान वाकडी करून बघत होते आणि चेहऱ्यावर काय तो आनंद! उचलला आणि दुकानाच्या काचेत लावला.

बाजाराला आलेला एक म्हातारा काचेसमोर थांबला. "अरारा," म्हणाला, "भात करपलं काय रं ह्ये?" रात्रपाळी संपवून चाललेला एक लूमवाला म्हणाला, "वाह उस्ताद, क्या शाम का सीन है!" ह्यांनी म्हाताऱ्याचं ऐकलं नाही, लूमवाल्याचं 'उस्ताद' तेवढं ऐकलं.

आणि त्याच आठवड्यात एक गोरी बाई आली. गणेशपुरीला साधनेसाठी पुष्कळ परदेशी माणसं यायची त्या काळात. ही त्यातलीच, उंच, सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, व्हिसासाठी फोटो काढायला आलेली. तिने काचेतलं विटकरी भात बघितलं आणि तिथेच रस्त्यात उभी राहिली. मागे हातगाडीवाला ओरडतोय, "बाजू, बाजू!" तिला पत्ताच नाही. आत आली तेव्हा डोळ्यांत पाणी. मोडक्या हिंदीत ह्यांना म्हणाली, "आप खेत के अंदर का रंग देखते हैं." फोटो घेऊन गेली, आणि पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन आली. त्यांनाही तसलेच हवे होते.

माझा राग तोवर निवळला होता. दारात गिऱ्हाईक आलं की बायको माणूस किती दिवस रुसणार? मी बोलायला लागले, बशीत रंग काढून दिले, आणि आम्ही दोघांनी मिळून खाडीचा एक सुरेख फोटो रंगवला. चुड्याचं हिरवं, कैरीचं हिरवं, कौलं लालबुंद. गोऱ्या बाईने तो बघितला. "व्हेरी नाइस," म्हणाली, खाली ठेवला आणि इकडेतिकडे बघायला लागली. तिची नजर ह्यांनी एकट्याने रंगवलेले फोटो शोधत होती.

त्यावर आमच्या शहाण्याने काय निष्कर्ष काढावा? दुपारी जेवताना घास हातात धरून म्हणाले, "मला आता कळलं. माझे डोळे ठीक आहेत. दोष तुझ्या डोळ्यांत आहे."

"काय?"

"तू सांगितलेला रंग कोणी घेत नाही. मी बघितलेला रंग साता समुद्रापलीकडची माणसं येऊन घेतात. इतकी वर्षं मी तुझ्या नादाला लागलो."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणवालीच वाकडी ठरली! आणि हे नुसतं घरात नाही, शेजारीपाजारी सांगितलं. "हिला रंग दिसत नाहीत बिचारीला." समोरची बाई मला मिरच्या निवडून द्यायला आली, आता बोला! मी म्हटलं, ठीक आहे. बघाच आता. माझ्या तोंडून रंगाचा र निघणार नाही. हा दुसरा अबोला, आणि हा खरा.

तोच तो लाल काळ. फोटो निघत राहिले, विटकरी होत राहिले, गोरी माणसं नेत राहिली. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. आणि खरं सांगू? त्यांच्याकडे बघून बोलवतही नसे. ते शीळ घालायला लागले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना शीळ घालताना ऐकत होते.

तशात राहनाळचा एक शेतकरी आला. हातात टोपी, अंगाला चिखलाचा वास. त्याच्या घराण्याने खाडीकडची जमीन गोडाऊनसाठी विकली होती. दिवाळीनंतर भराव पडणार. म्हातारा बाप कंबर मोडून खाटेवर पडलेला. उचलून न्यायचं म्हटलं की किंचाळायचा. त्याचं एकच मागणं, उभं भात एकदा बघायचं.

"त्याला शेतावर न्हेता येत न्हाय," तो म्हणाला, "मंग शेतच घरात आनायचं. आनि वहिनी, तुमी पन या, घर बघून जा."

मग काचेकडे बोट करून ह्यांना म्हणाला, "पन दादा, हिरवं पायजे हां. तसलं करपलेलं न्हाय. माझा बाप तसलं बघून जागेवर मरल. त्याला वाटंल, आमी पानी बंद केलं."

"जसं आहे तसंच मिळेल," हे म्हणाले, आणि गालात हसले. बिचाऱ्या शेतकऱ्याचेही डोळे गेलेत, असं ते हसू होतं.

आम्ही राहनाळला गेलो. हे पुढे, मी मागे, मध्ये अबोला. पण डोळे थोडेच अबोल्यात होते? सवयीने सगळं टिपत गेले. पोटरीतलं, कणीस अजून पोटात असलेलं भात, त्याच्या टोकाला अगदी कोवळी पिवळट झाक. बांधावर वीतभर वाढलेलं दाट गवत. हे तिपाई लावून फोटो घेत होते, आणि मी मनाशी म्हणत होते, चुड्याचं, चुड्याचं, मग लिंबाचं, मग कढीपत्त्याचं. कोणाला सांगणार होते मी ते?

फोटो छापून झाला. सकाळी हे टेबलाशी बसले, नळ्या पिळल्या, काडीला कापूस गुंडाळला. शीळ चालू. मी दाराच्या चौकटीत उभी. काडी बशीवर फिरली आणि नेमकी विटकरीवर टेकली. वर आली. आता कागदाला लागणार.

माझ्या डोळ्यांपुढे तो खाटेवरचा म्हातारा आला. पाणी बंद केलं म्हणून मरणारा. मग मात्र माझ्याने राहवलं नाही.

"अहो, थांबा. ते विटकरी आहे."

शीळ थांबली. "तुझ्या डोळ्यांना."

"माझे डोळे चांगले आहेत. तुम्हाला लग्नाआधीपासून ठाऊक आहे ते. विटकरी आहे ते, आणि तो म्हातारा ह्याने मरेल."

काडी तशीच हवेत. "मग त्या बाईने नेलेले?"

"विटकरी."

"सगळे?"

"सगळे. आणि कौलं हिरवी."

त्यांनी काडी बशीच्या काठावर ठेवली. चिडतील, बशी भिरकावतील असं मला वाटलं. मी तयारीत होते, माझ्याकडेही पुष्कळ साठलं होतं. पण ते उठले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. गल्लीतले माग खडखडत होते. परत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, मला दिसायला लागलं."

अहो, असं काळजात चर्र झालं माझ्या! भांडणाची सगळी तयारी तिथल्या तिथे वितळली.

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. स्वच्छ नवा कापूस घेतला. "बोल," म्हणाले.

मी बशीतलं विटकरी पुसून काढलं.

"बोल ना. किती दिवस झाले, कोणी काही सांगितलं नाही मला."

मग बोलले मी. नाक ओढत, डोळे पुसत बोलले. उजव्या कोपऱ्यापासून, चुड्याचं, इथपर्यंत, आता टोकाला लिंबाचं, हलक्या हाताने, बांधाला कढीपत्त्याचं, अहो बास, किती लावता! ते हसले. दुपारपर्यंत भात उभं राहिलं.

त्या गोऱ्या बाईचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. पुढच्या खेपेला ह्यांनी तिला प्रामाणिकपणे सांगितलं, की बाई, मुझे लाल-हरा दिखता नहीं, आपके सब फोटो गलत हैं. तिने ह्यांना वाकून नमस्कार केला. म्हणाली, "ये तो और भी बड़ी बात है." घ्या! आणि होते ते सगळे घेऊन गेली. अज्ञानातही सुख असतं, पण ज्ञानानेही माणूस सुधारत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तर राहनाळला आम्ही फोटो घेऊन गेलो. घरात सगळे जमलेले. शेतकऱ्याने म्हाताऱ्याच्या पाठीला उशी दिली आणि फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. म्हाताऱ्याने फोटो दोन्ही हातांनी धरला. नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, जशी बांधावरून माणूस चालावा तशी चालली होती. हे माझ्या शेजारी उभे. त्यांच्या हाताची बोटं आपोआप हलत होती. मला कळत होतं, जीव टांगणीला लागलाय ह्यांचा.

शेवटी म्हाताऱ्याने मुलाकडे डोळे वटारून बघितलं.

"काय रं," म्हणाला, "बांधावरचं गवत कवा कापनार? निस्तं वाढवून ठेवलंस."

सगळे हसले. शेतकरी "कापतो बाबा, उद्याच कापतो" म्हणत बाहेर गेला, आणि पडवीत खांबाला धरून रडला. जमीन तर दिलेली होती. गवत कापायला उद्या कोण जाणार होतं?

आम्ही तिथून निघालो आणि ते शेत वाटेत लागलं. हे बांधाशी थांबले.

"बांधावर गवत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की. मी नाही का सांगितलं, कढीपत्त्याचं?"

"सांगितलंस. मी भरलं. पण मी बांध म्हणजे नुसती माती समजत होतो."

शेतात माणसं होती, बघत होती. त्या काळी नवऱ्याचा हात चारचौघांत कोण धरी? मी धरला. खाली बसवलं त्यांना आणि हात गवतावर ठेवला. ते चाचपत राहिले, पुढे, मागे, बांधाच्या कडेपर्यंत.

"बरंच आहे की गं," म्हणाले.